स्वमग्नता आणि पहिली पाच वर्षे: प्रस्तावना

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूच्या जडणघडणीतली जन्मजात भिन्नता आहे. नजर, हावभाव आणि शब्द यांची सांगड घालून दुसऱ्याशी संवाद साधणे आणि समोरच्याच्या मनात काय आहे ते ताडणे स्वमग्न मुलाला सहज जमत नाही. त्याच्या जोडीला इतर लक्षणेही असतात. मूल त्याच त्या हालचाली पुन्हा पुन्हा करते, रोजच्या क्रमात झालेला बदल त्याला सोसत नाही, एखाद्या वस्तूत किंवा विषयात ते कमालीचे रमते. आवाज, स्पर्श, चव आणि प्रकाश यांना त्याचा प्रतिसाद फार तीव्र किंवा फार मंद असतो. ही लक्षणे प्रत्येक मुलात वेगवेगळ्या प्रमाणात दिसतात. एक मूल पाचव्या वर्षी लोकलची सगळी स्थानके क्रमाने घडाघडा सांगते, पण भूक लागल्याचे सांगू शकत नाही. दुसरे मूल त्याच वयात एकही शब्द बोलत नाही. म्हणूनच वैद्यकशास्त्रात स्वमग्नतेला एकच एक आजार न मानता वर्णपट मानले जाते.

भारतात हे प्रमाण किती, याचा अंदाज देणारा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कांगडा, पलवल, धेनकनाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा या पाच ठिकाणच्या २ ते ९ वर्षे वयाच्या सुमारे चार हजार मुलांची त्यात तपासणी झाली. दर शंभर मुलांमागे साधारण एक मूल स्वमग्न असल्याचे तिथे आढळले. एकूणच मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये निदान तीन ते चार पटींनी अधिक केले जाते. मुलींमधली लक्षणे अनेकदा नजरेतून निसटतात, हेही त्यामागचे एक कारण आहे. स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. एक मूल स्वमग्न असेल, तर पाठच्या भावंडातही ती असण्याची शक्यता पाचात एक इतकी असते. अशा भावंडाकडे पहिल्या वर्षापासूनच बारकाईने लक्ष ठेवावे लागते.

लवकरची मदत, किंवा सरकारी परिभाषेत शीघ्र हस्तक्षेप, म्हणजे मुलाच्या विकासात वेगळेपण जाणवताच सुरू झालेले पद्धतशीर साहाय्य. ते तिसऱ्या वर्षाच्या आत सुरू झाले तर उत्तम, आणि शाळेचे वय होईपर्यंत तर झालेच पाहिजे. त्यासाठी निदानाच्या कागदाची वाट पाहण्याची गरज नसते. दीड वर्षाचे मूल हाकेला ओ देत नसेल आणि बोटाने काही दाखवत नसेल, तर त्याला संवादासाठी मदत हवी आहे एवढे कळणे सुरुवातीला पुरेसे असते. पुढे निदान स्वमग्नतेचे झाले काय किंवा नुसत्या भाषाविलंबाचे झाले काय, दरम्यानच्या महिन्यांत घरात केलेले काम वाया जात नाही.

हा विचार रुजायला बराच काळ जावा लागला. अमेरिकेत बाल्टिमोर येथील बालमानसतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि स्वमग्नतेला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र स्थान मिळाले. पण त्यानंतरची दोन दशके आईच्या कोरडेपणामुळे मूल असे होते, ही समजूत प्रबळ राहिली. ब्रुनो बेटलहाइम यांच्यासारख्या लेखकांनी ती लोकप्रिय केली. तिचा परिणाम दुहेरी झाला. आयांना दोषी ठरवले गेले, आणि ज्या घरात मुलाला सर्वाधिक मदत मिळू शकली असती, त्या घरालाच उपचारातून बाजूला सारले गेले. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ च्या ग्रंथात या समजुतीला आव्हान देऊन स्वमग्नतेची मुळे जीवशास्त्रात असल्याचे मांडले. १९७७ मध्ये सुझान फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांचा अभ्यास करून आनुवंशिकतेचा पुरावा दिला. दोष कोणाचा हा प्रश्न मागे पडला आणि मुलाला काय व कसे शिकवता येईल याकडे लक्ष वळले.

मदत लवकर का हवी, याचे पहिले कारण मेंदूच्या वाढीत आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूतल्या पेशींमध्ये अफाट वेगाने जोडण्या तयार होतात. वापरातल्या जोडण्या पक्क्या होतात, न वापरलेल्या हळूहळू गळून जातात. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत मेंदूचा आकार प्रौढ मेंदूच्या जवळपास ८० टक्के झालेला असतो. मेंदू पुढेही आयुष्यभर शिकतच राहतो, त्यामुळे सहाव्या किंवा दहाव्या वर्षी सुरू झालेली मदत निरुपयोगी ठरत नाही. पण माणसांकडे पाहणे, आवाज ओळखणे, भाषा उचलणे यांची घडी या पहिल्या वर्षांत बसते, आणि त्या वेळी थोड्या श्रमात जे साधते त्याला पुढे बरेच श्रम लागतात.

दुसरे कारण विकासाच्या क्रमात आहे. खिडकीच्या गजावर कावळा येऊन बसतो. दहा-अकरा महिन्यांचे बाळ कावळ्याकडे पाहते, मग आईकडे, आणि पुन्हा कावळ्याकडे. आई म्हणते, "काऊ आला, काऊ!" आईचा शब्द आणि समोरचा पक्षी यांची गाठ बाळाच्या मनात पडते, कारण त्या क्षणी दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर असते. थोड्याच दिवसांत बाळ स्वतः बोट दाखवून आईला काऊ 'सांगू' लागते. सामायिक लक्षाचे असे शेकडो प्रसंग दिवसभरात घडतात आणि भाषेचा पाया त्यांवर उभा राहतो. स्वमग्न बाळाची नजर कावळ्यावरून आईकडे फारशी वळत नाही. आईने उच्चारलेला शब्द त्याच्या कानावर पडतो, पण तो कशाचा आहे हे त्याला उमगत नाही. वॉरन जोन्स आणि अमी क्लिन यांच्या २०१३ च्या अभ्यासात असे दिसले, की पुढे स्वमग्न ठरलेल्या बाळांचे डोळ्यांत पाहणे दुसऱ्या ते सहाव्या महिन्यांदरम्यानच उतरणीला लागते. शिकण्याच्या संधी अशा रोज थोड्या थोड्या हुकत जातात आणि दोन वर्षांत ती तूट मोठी होते. लवकरच्या मदतीचा गाभा एवढाच, की ही तूट साचू न देता हुकणाऱ्या संधी मुलाला वेगळ्या वाटेने मिळवून द्यायच्या.

त्यासाठी खुणा वेळेवर ओळखता आल्या पाहिजेत. वर्षाचे होईपर्यंत बाळ नावाने मारलेल्या हाकेला वळून पाहत नाही. टाटा करत नाही, बुवा-कुकमध्ये रमत नाही. दीड वर्षापर्यंत बोटाने काही दाखवत नाही. दोन वर्षांपर्यंत 'पाणी दे', 'बाबा आला' असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही, या त्यांतल्या मुख्य खुणा. हवी ती वस्तू मागण्याऐवजी मोठ्यांचा हात धरून तो डब्यावर नेऊन ठेवणे, गाडी चालवण्याऐवजी तिचे चाकच फिरवत बसणे, अचानक सुरू होणाऱ्या मिक्सरच्या किंवा कुकरच्या आवाजाने कान झाकून घेणे, हेही अनेक घरांत दिसते. काही मुलांत आलेले शब्द आणि हावभाव दीड ते दोन वर्षांच्या सुमारास मावळतात. आलेले कौशल्य जाणे ही कोणत्याही वयात ताबडतोब डॉक्टरांकडे जाण्याची खूण आहे.

प्रत्यक्षात पुष्कळ घरांत या खुणा आईला सर्वांत आधी जाणवतात आणि तिची समजूत घालण्यात वर्षे निघून जातात. मुलगे उशिराच बोलतात, त्याचे वडीलही चार वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते, घरात दुसरे मूल नाही म्हणून असे होते, शाळेत घातले की बोलेल, असे दिलासे प्रेमापोटीच दिले जातात. काही मुले खरोखरच उशिरा बोलून पुढे इतरांच्या बरोबरीला येतात. पण ती मुले शब्दांवाचूनही बोट दाखवतात, नजरेने विचारतात, खोड्या काढून मोठ्यांच्या चेहऱ्याकडे पाहतात. बोलणे उशिरा येणे आणि संवादाची ओढच कमी असणे यांतला हा फरक प्रत्येक आजी-आजोबांना, अंगणवाडी सेविकेला आणि बालरोगतज्ज्ञाला माहीत असायला हवा. मोबाइल हातात दिल्याने स्वमग्नता होते याला आधार नाही. मात्र पडद्यासमोर गेलेला वेळ माणसांसोबतच्या वेळातून वजा होतो. दोन वर्षांखालील मुलांना पडदा देऊ नये, असे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शनात सांगितले आहे. लसीकरणाचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा १९९८ चा शोधनिबंध 'लॅन्सेट' या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, आणि त्यानंतरच्या लाखो मुलांच्या अभ्यासांत असा संबंध आढळलेला नाही.

चाळणी आणि निदान या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी 'एम-चॅट' ही २० प्रश्नांची चाळणी जगभर वापरली जाते. पालकांनी हो किंवा नाही एवढेच सांगायचे असते. चाळणीत शंका आली म्हणजे स्वमग्नता ठरली असे नव्हे. पुढची तपासणी हवी, एवढाच तिचा अर्थ. त्या तपासणीत सर्वप्रथम कानांची चाचणी होते, कारण ऐकू न येणारे मूलही हाकेला प्रतिसाद देत नाही. नंतर विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ मुलाचे खेळणे-वागणे प्रत्यक्ष पाहून आणि पालकांशी सविस्तर बोलून निदान करतात. अनुभवी तज्ज्ञाला दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस भरवशाचे निदान करता येते. भारतात दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली ४० बाबींची 'इसा' ही मोजपट्टी वापरात आहे.

लवकरच्या मदतीच्या पद्धतींचा इतिहास १९८७ पासून सांगितला जातो. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील इव्हार लोवास यांनी आठवड्याला ४० तास शिकवलेल्या १९ मुलांपैकी ९ मुले सर्वसाधारण शाळेची पहिली इयत्ता पार करू शकल्याचे प्रसिद्ध केले. त्यामुळे मोठी आशा निर्माण झाली. पण मुलांची गटवाटणी चिठ्ठी पद्धतीने झालेली नव्हती आणि शिकवताना शिक्षेचाही वापर झाला होता. मुलाला टेबलापाशी बसवून हुकूम पाळायला लावण्याच्या या शैलीवर पुढे प्रौढ स्वमग्न व्यक्तींनीच कठोर टीका केली, आणि ती रास्त होती. आजच्या पद्धती खेळावर, मुलाच्या आवडीवर आणि रोजच्या व्यवहारावर उभ्या आहेत. सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांच्या 'अर्ली स्टार्ट डेन्व्हर' पद्धतीची चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. दीड ते अडीच वर्षांच्या ४८ मुलांपैकी ज्यांना ही मदत मिळाली, त्यांचा बुद्ध्यांक दोन वर्षांत सरासरी १७.६ गुणांनी वाढला. इतरांचा ७ गुणांनी. पुढे तीन ठिकाणी घेतलेल्या मोठ्या चाचणीत बुद्ध्यांकातला असा फरक दिसला नाही, भाषेतला फायदा मात्र तीनपैकी दोन ठिकाणी दिसला. तास वाढवले की फायदाही त्याच प्रमाणात वाढतो, यालाही २०२४ च्या एका मोठ्या विश्लेषणात पुष्टी मिळाली नाही. रोज चार थेरपी वर्गांची पायपीट परवडत नाही म्हणून खचणाऱ्या पालकांसाठी हा निष्कर्ष मोलाचा आहे.

दुसरा प्रवाह पालकांच्या हाती साधन देणारा आहे, आणि भारतासाठी तोच अधिक महत्त्वाचा. ब्रिटनमधील 'पॅक्ट' चाचणीत २ ते ५ वर्षांच्या १५२ मुलांचे पालक सहभागी झाले. आई किंवा वडील मुलाशी खेळतानाचे चित्रण करायचे, नंतर ते थेरपिस्टबरोबर पाहायचे आणि मुलाने दिलेले बारीक इशारे ओळखून त्यांना प्रतिसाद द्यायला शिकायचे, अशी ही रीत. सुमारे सहा वर्षांनी केलेल्या पाहणीत, तीव्र लक्षणे असलेल्या मुलांचे प्रमाण या गटात ४६ टक्के होते, तर नेहमीची सेवा मिळालेल्या गटात ६३ टक्के. हीच रीत गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत आजमावण्यात आली. २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. इथे पालकांना शिकवणारे थेरपिस्ट नव्हते; प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. मुलांच्या कलाने घेणारे पालकांचे प्रतिसाद वाढले आणि मुले स्वतःहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर राहण्याच्या वेळात मात्र घट झाली. तज्ज्ञांची संख्या अपुरी असलेल्या प्रदेशातही खरी मदत घरापर्यंत पोहोचवता येते, हे त्या चाचणीने दाखवले.

अशा मदतीत नेमके काय घडते? समजा, दोन वर्षांचा मुलगा स्वयंपाकघरात स्टीलची झाकणे जमिनीवर गरगर फिरवत बसला आहे. आई समोर येऊन विचारते, "हे काय आहे? सांग, झाकण. झा-क-ण म्हण." मुलगा पाठ फिरवतो. चित्रण पाहताना आईच्याच लक्षात येते, की मिनिटभरात तिने सात-आठ प्रश्न विचारले आणि उत्तराला जागाच ठेवली नाही. पुढच्या वेळी ती प्रश्न सोडून देते. मुलाच्या समोर बसून दुसरे झाकण फिरवते, "गरगरगर…" म्हणते आणि झाकण पडले की "धप्प!" असे म्हणून थांबते. दोन-तीनदा असे झाल्यावर मुलगा तिच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि आपले झाकण तिच्याकडे सरकवतो. संवादाची ही पहिली पायरी आहे. काही आठवड्यांत 'धप्प' हा शब्द मुलाकडून येऊ शकतो. आंघोळ, कपडे घालणे, जेवण, जिन्याच्या पायऱ्या चढणे या रोजच्या कामांत हेच तंत्र वापरता येते. डबा घट्ट बंद ठेवून मुलाने मदत मागण्याची वाट पाहणे, एकदम वाटीभर चुरमुरे न देता मूठभर देऊन थांबणे, अशा साध्या युक्त्यांतून मागण्याची गरज आणि मागण्याची संधी दोन्ही निर्माण होतात.

या कामाचे फायदे अनेक अंगांनी दिसतात. पहिला फायदा संवादाचा. शब्द लवकर येऊ लागतात, आणि ज्यांना येत नाहीत त्यांना चित्रे, खुणा किंवा ॲप यांच्या मदतीने मागता येते. आयआयटी मुंबईत तयार झालेले 'जेलो' हे ॲप मराठीतही वापरता येते. चित्रांची सवय लागली तर मूल बोलणारच नाही, ही भीती निराधार आहे; अशा साधनांनी बोलणे अडते असे अभ्यासांत दिसलेले नाही. दुसरा फायदा वागणुकीचा. चावणे, डोके आपटणे, तासन्‌तास रडणे यांमागे पुष्कळदा सांगता न आलेली गरज असते. सांगण्याचा मार्ग सापडला की हा त्रास कमी होतो. तिसरा फायदा स्वावलंबनाचा: शी-शू सांगणे, हाताने जेवणे, केस कापून घेणे, दात घासणे. चौथा फायदा घराचा. मूल असे का वागते हे कळू लागले की पालकांची अपराधी भावना ओसरते, भावंडांना त्याच्याशी खेळता येते आणि लग्नकार्याला जाणे टाळणारे घर पुन्हा माणसांत मिसळू लागते. झोपेच्या तक्रारी, फिट्स, बद्धकोष्ठता यांसारखे सोबतचे त्रासही लवकर ओळखले जातात आणि त्यांवर औषधोपचार होतो.

मराठी घरांच्या बाबतीत एक सल्ला विशेष नुकसान करतो. मूल गोंधळेल म्हणून घरात मराठी बंद करून फक्त इंग्रजीत बोला, असे काही ठिकाणी सांगितले जाते. परदेशातल्या मराठी कुटुंबांनाही तो ऐकावा लागतो. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचा भाषाविकास मागे पडतो असे संशोधनात आढळलेले नाही. आजीची गोष्ट, आत्याचे लाड, वडिलांची थट्टा ज्या भाषेत सहज येते, तीच भाषा मुलाशी खेळताना वापरणे हिताचे. आई-वडीलच परक्या भाषेत अडखळू लागले, तर त्यांच्याकडून मिळणारा ऊबदार प्रतिसाद आटतो.

लवकरच्या मदतीच्या मर्यादाही स्पष्ट असाव्यात. ती स्वमग्नता पुसून टाकत नाही आणि तसे तिचे ध्येयही नसावे. सगळी मुले सारख्या वेगाने पुढे जात नाहीत. मनापासून आणि वेळेवर मदत मिळूनही काही मुलांचे बोलणे मोजकेच राहते. त्यात मुलाचे वा पालकांचे अपयश नसते. हात फडफडवणे किंवा एकाच विषयात रमणे कोणाला इजा करत नसेल, तर ते थोपवण्याची गरज नाही. मुलाला आपले म्हणणे पोहोचवता यावे, सुरक्षित राहता यावे आणि जमेल तितके स्वतंत्र जगता यावे, यावर भर हवा. हताश पालकांना पूर्ण बरे करण्याची हमी देणारे उपचार विकले जातात, त्यांपासून सावध राहायला हवे. स्वमग्नतेसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. रक्तातील धातू काढण्याचे औषध आणि दाबाखालचा प्राणवायू यांच्या उपयोगाला पुरावा नाही. त्यांत धोका असतो, आणि लाखो रुपयांबरोबर मुलाचा मोलाचा काळही जातो.

महाराष्ट्रात आणि गोव्यात मदतीचा सरकारी मार्ग उपलब्ध आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून झाली. या कार्यक्रमातील फिरती पथके अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात आणि विकासात मागे पडणाऱ्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतही २०२१ पासून असे केंद्र आहे, आणि २००१ मध्ये सुरू झालेल्या 'उम्मीद'सारख्या संस्था बालविकासाचे काम करतात. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ पासून स्वमग्नतेची दखल घेतो. त्या न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण मिळते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचा समावेश आहे. अडचण असते ती मधल्या दुव्यांची. पथकाने पाठवलेले मूल केंद्रापर्यंत पोहोचले का, तिथे वाचा-उपचारतज्ज्ञ नेमलेला आहे का, दर आठवड्याला एस.टी.ने येण्याजाण्यात आईची मजुरी बुडते का, यावर सारे अवलंबून राहते. म्हणूनच आशा आणि अंगणवाडी सेविकांना खुणा ओळखण्याबरोबर घरी करायच्या खेळांचेही प्रशिक्षण मिळणे निकडीचे आहे.

या सगळ्या कामाची पुढची पायरी शाळा ही असते. संवादाची एखादी रीत, थोडा वेळ गटात बसण्याची सवय आणि स्वतःची प्राथमिक कामे यांची तयारी झालेले मूल बालवाडीत अधिक सहज सामावते. पण तयारी एकट्या मुलाने करायची नसते. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावणे, गोंगाट असह्य झाला तर बसायला शांत कोपरा ठेवणे, सूचना छोट्या वाक्यांत देणे आणि उत्तरासाठी थोडे थांबणे, एवढे शिक्षकांनी केले तर त्याचा लाभ वर्गातल्या इतर मुलांनाही होतो. २०१६ चा कायदा सर्वसमावेशक शिक्षणाचा हक्क देतो. प्रवेश नाकारणे त्या हक्काच्या विरुद्ध आहे. घर, आरोग्यसेवा आणि शाळा यांनी पहिल्या पाच वर्षांत एकमेकांचा हात धरून काम केले, तर स्वमग्न मुलाला जग समजून घेण्याची आणि जगाला त्या मुलाला समजून घेण्याची संधी वेळेवर मिळते.